जिप्सीच्या पेट्रोल टाकीचे गंजून तुटलेले बोल्ट कसे काढावेत?

खारेवारे

मंडळी, मदत हवी आहे.

गाडी मारुती जिप्सी किंग, १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली. मुक्काम देवगड, घराच्या गडग्यापलीकडे समुद्र. त्यावरून खालच्या पत्र्याची काय दशा असेल ते समजून घ्या. टाकी काठोकाठ भरली की पेट्रोलचा वास सुटतो, अर्ध्यावर आली की बंद होतो. म्हणजे पाझर वरच्या अंगाला आहे आणि टाकी उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

टाकीखालची संरक्षक पत्री निघाली. टाकी धरणाऱ्या बोल्टांपैकी मागच्या दोघांच्या मुंड्या मात्र पाना फिरवताच उडाल्या. पुढचे दोन शाबूत आहेत पण जागचे हलत नाहीत, त्यातल्या एकाची मुंडी गोल व्हायला लागली आहे. बोल्ट ८ एमएमचे, पाना १२ चा लागतो. ते वर चेसिसच्या आडव्या पट्टीत वेल्ड केलेल्या नटात जातात. वरून हात पोचत नाही.

गावातला मेस्त्री म्हणतो, "ह्येका गॅस मारूक व्हयो, लाल झाल्याबिगर येवचो नाय." म्हणजे बोल्ट गॅसच्या ज्वाळेने तापवायचा. टाकीत अजून पाव टाकी पेट्रोल आहे. माझं मन धजत नाही. तुम्ही काय कराल?

स्पॅनरराव

आधी तो गॅसचा नळा आवारातून बाहेर काढा, मग पुढचं वाचा.

पेट्रोलची वाफ पेटायला वातावरण गरम लागत नाही, उणे ४० अंशालाही ती पेटण्याइतकी तयार होते. देवगडच्या मे महिन्यात किती होत असेल याचा हिशोब तुम्हीच करा. शिवाय ती हवेपेक्षा तीन-चार पट जड. उडून जात नाही, जमिनीवर पसरते, खोलगट जागी साचते. त्यामुळे हे काम गॅरेजच्या खड्ड्यात उतरून अजिबात करायचं नाही. आपल्याकडे गाडीखालचं काम म्हटलं की लोक सरळ खड्ड्यावर गाडी घेतात. पेट्रोल सांडलं की तो खड्डाच वाफेने भरतो आणि आत माणूस असतो. मोकळ्या अंगणात, सपाट जागी, गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवा. नुसत्या जॅकवर नको.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. उजेडाला एलईडी टॉर्च. जुना तारेचा बल्ब लोंबकळत ठेवू नका, तो फुटला तर तापलेली तार उघडी पडते.

शंकासुर

एक बाळबोध प्रश्न. पेट्रोल पूर्ण काढून टाकी रिकामी केली तर गॅस मारायला काय हरकत? पेट्रोलच नाही तर पेटणार काय?

वर्कशॉपवाली

@शंकासुर, प्रश्न बाळबोध नाही. याच समजुतीपायी माणसं भाजली आहेत.

हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच भडका उडतो. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की आत पेटायला पुरेशी हवाच नसते. "रिकामी" केलेल्या टाकीत हवा शिरते आणि मिश्रण नेमकं त्या पट्ट्यात येतं. जिप्सीची टाकी ४० लिटरची. तिच्या १.४ टक्के म्हणजे अर्धा लिटरभर वाफ. तेवढी वाफ व्हायला ३ मिलिलिटरच्या आसपास द्रव पेट्रोल पुरतं, चहाचा चमचासुद्धा भरणार नाही. टाकीच्या शिवणीत, गंजाच्या पापुद्र्यात, तळाच्या गाळात याच्या कितीतरी पट पेट्रोल मुरलेलं असतं. उलटी करून ठेवली, उन्हात वाळवली, वास येईनासा झाला, तरी ते बाहेर येत राहतं.

त्यामुळे टाकी गाडीला लागलेली असेपर्यंत ज्वाळा नाही, वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही.

उद्यमनगरी

दादा, मुंड्या उडाल्या म्हणून कपाळाला हात लावू नका. निम्मं काम झालंय की तुमचं!

बघा, टाकीच्या कानाला, म्हंजे बोल्ट जातो त्या बाहेर आलेल्या पत्र्याला, नुसतं भोक असतंय, आटे नसतात. आटे वरच्या नटात. मुंडी गेली म्हणजे त्या कोपऱ्यात टाकी सुटली. राहिला तो दांडा, आणि तो दांडा टाकीचा न्हाई, चेसिसचा हाय. सगळे लोक इथंच चुकतात, टाकी जागेवर ठेवून दांडा काढायला बघतात. कशाला? पुढचे दोन सरळ निघाले तर बरं, न्हाई निघाले तर त्यांच्या पण मुंड्या मुद्दाम उडवा. टाकी खाली घ्या, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवा. मग दांड्यांना गॅस लावा, वेल्डिंग करा, नाहीतर धूप-आरती करा.

स्पॅनरराव

+१. उद्यमनगरींनी मुद्द्याला हात घातला. फक्त टाकी गेली तरी चेसिसला चिकटून पुढे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीत पेट्रोल असतं, ती विसरू नका. नळीचं तोंड रबरी बुचाने बंद करून मगच आरती.

आजोबांची_फियाट

आमच्या प्रीमियर पद्मिनीची टाकी डिकीत, कोरडी ठणठणीत. पन्नास वर्षांत बोल्ट गंजला नाही. (जखमेवर मीठ चोळायचा हेतू नाही, पण देवगडात ते आयतंच मिळतं.)

डेट्रॉइटकर

मीठ आमच्याकडेही कमी नाही. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. दहा वर्षांची गाडी खालून तुमच्या जिप्सीसारखीच दिसते, त्यामुळे तुटका बोल्ट काढणं हे इथल्या मेकॅनिकचं रोजचं काम.

पुढच्या दोन बोल्टांबद्दल सांगतो. लोक बोल्ट फक्त सोडायच्या दिशेने जोर लावून बघतात. गंजाचा आकार मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून मोठा असतो, तो आट्यांमध्ये पाचरीसारखा ठोसून बसलेला असतो. आधी किंचित आवळायच्या दिशेने झटका द्या. "टिक्" असा आवाज आला की गंजाची पकड मोडली. मग पाव फेरा सोडा, परत थोडा आवळा, तेल घाला, पुन्हा सैल करा. जड झाला की मागे फिरायचं. हट्टाने एकाच दिशेने ओढलं की मुंडी हातात येते.

तेलाबद्दल: डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवायला बनवलेलं, गंजात शिरायला खास असं नाही. मुद्दाम पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून मिळतं ते घ्या. नाही मिळालं तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं. ॲसिटोनही पेट्रोलसारखंच पेटतं हे लक्षात ठेवा. रात्रभर मुरू द्या, मध्येमध्ये मुंडीवर हातोडीने टकटक करा. कंपनाने तेल आत सरकतं.

खारेवारे

@डेट्रॉइटकर, इंडक्शन हीटर म्हणून प्रकार इंटरनेटवर पाहिला. ज्वाळा नाही, तारेच्या वेटोळ्यात बोल्ट धरला की आपोआप लाल. तो टाकीजवळ चालेल?

डेट्रॉइटकर

नाही. ज्वाळा नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. पेट्रोलची वाफ साधारण २५०-२८० अंशांना ठिणगीशिवायच पेटते. लालसर दिसणारं लोखंड ५०० च्या वर असतं. माझ्याकडे तो हीटर आहे, उत्तम हत्यार आहे, पण टाकी खाली आल्यावरच.

वर्कशॉपवाली

मुंड्या का उडतात याचा छोटा हिशोब देते, म्हणजे जोर कुठे थांबवायचा ते कळेल. दांड्याची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ८ चा दांडा गंजून ७ झाला, तर ७ भागिले ८ चा घन काढा: ०.६७. म्हणजे एक एमएम गंजाने एक तृतीयांश ताकद गेली. आणि दांडा सगळ्यात जास्त खातो तो मुंडीच्या लगेच वर, टाकीचा कान आणि पट्टी यांच्या फटीत, कारण तिथे ओली माती अडकून बसते. म्हणून मुंडी तिथूनच उडते आणि नटातला भाग मात्र शाबूत निघतो.

आणखी एक. बोल्टाचं टोक नटाच्या वर बाहेर आलेलं असेल तर त्या उघड्या आट्यांवरचा सगळा गंज सोडताना नटातून ओढला जातो. पट्टीला बाजूने भोक असेल तर तिथून तारेचा ब्रश घालून टोक साफ करा, तेल वरून सोडा. खालून मारलेलं तेल वर चढेल ही आशा व्यर्थ आहे, बहुतेक तुमच्या कोपरावर उतरतं.

गोल झालेल्या मुंडीला बारा कोनी रिंग पाना लावू नका. सहा कोनी गोटी (सॉकेट) घ्या. ती फिरली तर ११ ची सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसवा. गंजलेली १२ ची मुंडी बऱ्याचदा तेवढी झिजलेलीच असते.

निमूटवाचक

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. माझ्या मारुती ८०० चं हेच काम मी वर्षानुवर्षं पुढे ढकलतोय.

खारेवारे

पेट्रोल कसं काढावं? तळाला ड्रेन प्लग आहे, पण त्याची अवस्था बघून त्याला हात लावायची इच्छा नाही.

स्पॅनरराव

लावूच नका. तो तुटला तर पाव टाकी पेट्रोल तुमच्या छातीवर. भरायच्या तोंडातून नळी घाला आणि हाताच्या पिचकारीच्या पंपाने ओढा. तोंडाने ओढायची आपली जुनी सवय सोडा. पेट्रोल फुफ्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो, पोटात गेलेल्यापेक्षा ते वाईट.

पत्र्याच्या डब्यात काढा, प्लास्टिकच्या बादलीत नको. वाहत्या पेट्रोलने स्थिर वीज साठते, प्लास्टिकमधून ती जमिनीत जात नाही. डबा जमिनीवर ठेवा, डबा आणि गाडीचा उघडा पत्रा तारेने जोडा. आणि काढलेलं पेट्रोल लगेच दुसऱ्या गाडीत ओतून संपवा. पेट्रोलियम कायद्याने परवान्याशिवाय घरात ३० लिटरपर्यंत ठेवता येतं हे खरं, पण स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून डबा ठेवायला कायदा सांगत नाही.

खारेवारे

प्रगती कळवतो.

पेट्रोल काढलं. पुढचा डावा बोल्ट मागे-पुढे करत, तेल पाजत निघाला. आवाज खरंच "टिक्" असा येतो, ऐकून जीव सुखावला. उजव्याची मुंडी पार गोल झाली, ११ ची गोटीही फिरली. मेस्त्री ग्राइंडर घेऊन आला होता, परत पाठवला. तो रुसलाय. आता?

उद्यमनगरी

रुसू दे, चहा पाजा.

हॅकसॉचं पातं घ्या, फ्रेम नको, नुसतं पातं. एका टोकाला फडकं गुंडाळा, टाकीचा कान आणि मुंडी यांच्या मधल्या वायसरवर चालवा. थेंब थेंब तेल सोडत. वेळ लागतोय, पण ठिणगी न्हाई आणि आवाज न्हाई. पात्याला जागाच नसेल तर कानसीने मुंडी घासून वायसरपर्यंत आणा. पन्नास पैशाच्या बोल्टासाठी घाम गाळायला लाज वाटून घेऊ नका.

मुंडी तुटायच्या आधी टाकीखाली जॅक आणि लाकडी फळी लावून ठेवा. नाहीतर शेवटची मुंडी गेली की टाकी नाकावर.

आजोबांची_फियाट

टाकी खाली घेताना वरच्या रबरी नळ्या ओढून काढू नका. जुना रबर लोखंडी नळीला चिकटलेला असतो, ओढाताणीत टाकीचीच नळी वाकते किंवा शिवणीत चिरते. ब्लेडने नळी उभी चिरा आणि सोलून काढा. तशाही त्या बदलायच्याच आहेत. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, १९९८ चा रबर त्यासाठी बनवलेला नाही. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. कोकणातल्या दमट हवेत महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला ते आतून गंजवतं. नवी नळी घेताना इथेनॉल चालणारी आहे का ते अंगावरचं छापील वाचून घ्या, दुकानदाराच्या "चालतंय हो" वर जाऊ नका.

खारेवारे

टाकी खाली आली! वर बोटभर तांबडी माती, त्यात चक्क एक रोपटं उगवलेलं.

पाझर सापडला. टाकीच्या वर फ्लोटची (पेट्रोलचा काटा हलवणाऱ्या तरंगत्या भागाची) जी गोल ताटली बसते, तिच्या गास्केटचा भुगा झालाय. ताटली ५ एमएमच्या छोट्या स्क्रूंनी धरलेली आहे. त्यातले दोन काढताना तुटले. एकाचा दांडा डाळीएवढा वर आहे, दुसरा पत्र्याला सपाट.

चेसिसमधले दांडे वेगळे, पण हे दोन तर टाकीतच अडकलेत. आता?

वर्कशॉपवाली

आतापर्यंतचं काम घामाचं होतं, आता खरं सावधपणाचं आलं. चेसिसच्या दांड्यांना जे चालतं त्यातलं निम्मं इथे बाद. गॅस बाद, नट वेल्ड करणं बाद, इंडक्शन बाद.

आधी फ्लोट उचलून आतून टॉर्चने बघा, त्या भोकांखाली काय आहे. नट आरपार आहे की टोपीसारखा बंद? आरपार असेल तर ड्रिलचा भुसा टाकीत पडणार, बंद असेल तर नाही. तेल दोन्ही बाजूंनी सोडता येईल का तेही त्यातच कळेल.

टाकी धुवायची. गरम पाणी आणि भांड्यांचं साबण, खळखळून, तीन-चार वेळा तरी. मग टाकी सपाट ठेवून ताटलीच्या भोकापर्यंत पाण्याने भरा. पाण्याने आतली वाफेची जागाच उरत नाही. वर जी बोटभर हवा राहील तेवढ्यात फार काही घडू शकत नाही. टाकी अशी पाण्याने भरलेली ठेवूनच स्क्रूवर काम करा.

डाळीएवढा दांडा वर आहे तो सोपा: लहान व्हाइस ग्रिपने घट्ट पकडा, डेट्रॉइटकरांचा आवळ-सोड मंत्र म्हणा. पकड सरकत असेल तर दांड्याच्या दोन बाजू कानसीने सपाट करा.

सपाट तुटलेल्याला ड्रिल लागेल. विजेच्या साध्या ड्रिलमध्ये कार्बन ब्रश असतात, ते चालताना ठिणग्या टाकतात, पोटात डोकावलं तर दिसतात. शिवाय खाली पाणी. हाताने फिरवायचा दातेरी चाकाचा ड्रिल जुन्या सुताराकडे मिळेल, ५ एमएमच्या स्क्रूला तो भरपूर झाला. नाहीतर दाबाच्या हवेवर चालणारा.

शंकासुर

तुरटी! कुठेतरी वाचलंय, तुरटीच्या गरम पाण्यात तुटलेला लोखंडी स्क्रू विरघळून जातो. घड्याळजी वापरतात म्हणे.

वर्कशॉपवाली

वाचलंय ते खरं आहे, पण अर्धं. तुरटीचं गरम द्रावण लोखंड खातं, पितळ आणि ॲल्युमिनियमला फारसं हात लावत नाही. पितळी घड्याळात पोलादी दांडी अडकली किंवा ॲल्युमिनियमच्या इंजिन ब्लॉकमध्ये टॅप (आटे पाडायचं हत्यार) मोडला तर ती युक्ती नामी आहे. इथे टाकीही लोखंडी. स्क्रूच्या आधी पत्रा जाईल.

उद्यमनगरी

ड्रिलिंगचं मी सांगतो, आमच्याकडं शेंबडं पोरगं पण हे करतंय.

सगळं सेंटर पंचावर हाय. तुटलेला स्क्रू कधीच सपाट नसतो, एका बाजूला चढ असतोय आणि पंच घसरतो. आधी बारीक कानशीने तोंड सपाट करा. पंच हलका मारा, भिंग लावून बघा, मधोमध न्हाई वाटला तर तिरका मारून सरकवा. मग जोराचा. पंच चुकला की पुढचं सगळं चुकलं.

पहिला ड्रिल दीड-दोन एमएमचा. मग अडीच. जमलं तर उलट्या पिळाचा ड्रिल आणा, डावा ड्रिल म्हणतात. तो कापताना सोडायच्या दिशेनंच फिरतोय, बऱ्याच वेळा निम्म्यातच स्क्रू त्याच्याबरोबर गरगर फिरून वर येतोय. ड्रिलच्या खाचेत ग्रीस भरा, भुसा त्यात चिकटतो.

आणि इझी आउट, म्हंजे तुटलेल्या स्क्रूच्या भोकात उलटा पिळून तो बाहेर काढायची काडी, वापरू नका. ऐकायला गोड, इझी म्हणे! ५ च्या स्क्रूत जाणारा इझी आउट म्हणजे खिळ्याएवढा. तो कडक पोलादाचा, पीळ बसला की काचेसारखा मोडतो, मग त्याला कुठलाच साधा ड्रिल लागत न्हाई. मग टूलरूममध्ये ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या स्पार्क मशीनवर न्यायचं, आणि पेट्रोलची टाकी घेऊन गेलात तर ते लोक दारातूनच हात जोडतील.

डेट्रॉइटकर

इझी आउटबद्दल थोडा मतभेद. चेसिसच्या ८ एमएमला चौकोनी एक्स्ट्रॅक्टर मी वापरतो आणि चालतो. पण ५ एमएमला नाही, इथे उद्यमनगरींशी सहमत. जो बोल्ट मुंडी असताना पूर्ण ताकदीने हलला नाही, तो त्याच्या पोटातल्या बारक्या काडीने का हलावा?

वर्कशॉपवाली

ड्रिल करत ४.२ एमएमपर्यंत गेलात तर उरतं ते आट्यांचं स्प्रिंगसारखं वेटोळं. ते टोकदार सुईने उचकून काढता येतं, मग ५ बाय ०.८ चा टॅप फिरवून आटे साफ. भोक बाजूला सरकलंच तर वाद न घालता ६ एमएमवर जा: ५ चा ड्रिल, ६ बाय १ चा टॅप, आणि ताटलीचं ते एक भोक मोठं करा. गास्केटला पुरेशी कड उरते का ते आधी मापा.

नंतर पाणी ओता, उलटी करून झटका, नळीला लोहचुंबक बांधून तळ झाडा, आणि लगेच वाळवा. धुतलेली टाकी रात्रभर ओली ठेवली तर सकाळी आतून केशरी होते.

खारेवारे

दोन्ही निघाले. वर असलेला ग्रिपने आला. सपाटवाला डाव्या ड्रिलबरोबर फिरून आला, उद्यमनगरी, तुमच्या पायाचा फोटो पाठवा, देव्हाऱ्यात लावतो.

चेसिसचे तीन दांडेही झाले. टाकी विहिरीपलीकडे ठेवली, पेट्रोलच्या नळीला बूच मारलं आणि रुसलेल्या मेस्त्रीला बोलावून मान दिला. त्याने दांड्यावर नट ठेवून आत वेल्डिंग भरलं, लाली उतरेपर्यंत थांबला, मग १२ चा पाना लावून हलकेच मागे-पुढे. दोन लोण्यासारखे आले. तिसऱ्याला आतला नटच पट्टीपासून सुटला आणि गोल फिरायला लागला.

उद्यमनगरी

नट सुटणारच एखादा, पत्रा कुजलेला असतोय. तिथं आता परत वेल्ड नट बसवायच्या भानगडीत पडू नका. पट्टीला बाजूने भोक असेल तर ४ एमएम जाडीची लोखंडी पट्टी कापा, तिला नट वेल्ड करा, आणि त्या भोकातून आत सरकवा. पट्टी लांब ठेवली की फिरायची भीती न्हाई, चेसिसच्या भिंतीला अडकते. रिव्हनट (पत्र्यात रिबिटासारखा दाबून बसवायचा नट) पण मिळतो, पण कुजलेल्या पातळ पत्र्यात मला त्याचा भरवसा न्हाई.

निमूटवाचक

नवे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे टाकावेत का? कोकणात तेच बरे ना?

आजोबांची_फियाट

नक्कीच स्टेनलेस. किमतीत फार फरक नाही आणि परत ही कटकट नाही.

वर्कशॉपवाली

मी नाही टाकणार. स्टेनलेस गंजत नाही, पण त्याला लागून असलेला साधा लोखंडी नट खाऱ्या ओलाव्यात जास्त लवकर गंजतो. म्हणजे बोल्ट चकाचक आणि नट भुगा, आणि नटच तर बदलायला अवघड. नेहमीचा ८.८ ताकदीच्या ग्रेडचा जस्त चढवलेला बोल्ट घ्या. आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) भरपूर, आवळताना हात हलका, कारण वंगण लागलं की तेवढ्याच जोराला बोल्ट जास्त ताणला जातो. दर दोन पावसाळ्यांनी एकेक बोल्ट सोडून परत लावायचा, सोपं आहे.

आजोबांची_फियाट

दर दोन पावसाळ्यांनी कोण सोडतंय हो! तुमच्यासारखी शिस्त असती तर हा धागाच निघाला नसता. मी स्टेनलेसवर ठाम, वर ग्रीस थापून.

स्पॅनरराव

दोघांच्या मधलं सांगतो: बोल्ट कुठलाही टाका, टाकीचा कान आणि चेसिस यांच्यामधली जुनी रबरी पट्टी स्पंजासारखी झाली असेल तर फेकून द्या. खरा गुन्हेगार ती. पाणी धरून ठेवते. नवी घट्ट रबराची टाका.

फ्लोटच्या ताटलीला सिलिकॉन फासू नका, पेट्रोलमध्ये फुगून सुटतं. टेफलॉन टेपही नको, तिचे धागे कार्ब्युरेटरच्या जेटच्या बारीक भोकात जाऊन बसतात. पेट्रोल सोसणाऱ्या रबर-कॉर्कचं गास्केट आणि स्क्रूखाली तांब्याचे वायसर.

खारेवारे

सगळं बसवलं. टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवली, वास शून्य. पण पेट्रोलचा काटा मेला, टाकी भरलेली असून तळाला पडलाय. फ्लोट बसवण्याआधी मल्टिमीटरने तपासला होता, वर-खाली केला की आकडा नीट बदलत होता.

वर्कशॉपवाली

टाकीला रंग दिलात ना? आणि कानांना ग्रीस, मध्ये नवं रबर? बऱ्याच जुन्या गाड्यांत फ्लोटला एकच तार असते आणि अर्थिंग टाकीच्या पत्र्यातून, बोल्टांमधून चेसिसला जातं. तुमचे गंजके बोल्ट निदान तेवढं काम करत होते. ताटलीच्या एका स्क्रूखालून तार काढून चेसिसच्या घासलेल्या पत्र्यावर बसवा. जोडायच्या आधी बॅटरी सुटी करा.

खारेवारे

तेच होतं. तार टाकली, काटा वर आला. मेस्त्री आता गावभर सांगतोय की अर्थिंगचं त्यानेच ओळखलं.

निमूटवाचक

मंडळी, जाता जाता, डावे ड्रिल कुठे मिळाले? आमच्या इथला हार्डवेअरवाला "डावा ड्रिल" ऐकून माझ्याकडेच बघत बसला.

उद्यमनगरी

कोल्हापूरला असाल तर शिवाजी उद्यमनगरात टूलच्या दुकानात विचारा. मुंबईत नागदेवी स्ट्रीट. सुटा मागा, २ ते ५ एमएमचे चार पुरतात, अख्खा संच गळ्यात मारतील.

खारेवारे

माझे नागदेवीचेच, मेव्हण्याने एसटीने पाठवले. @निमूटवाचक, तुमची ८०० कुठल्या गावात आहे? जवळ असेल तर घेऊन जा, मला आता इतक्यात लागायचे नाहीत.